बॅटरीचे स्थलांतर : मोटारीतील एका लांब तारेचा इतिहास

मोटारगाडीची बॅटरी कुठे असते, असे कोणालाही विचारा. तो बॉनेटकडे बोट दाखवील. ही जागा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी विचार करून ठरवली असेल, हे सहसा मनात येत नाही. मोटारीचा इतिहास पाहिला तर मात्र बॅटरी सतत हलत राहिलेली दिसते. कधी ती पायाखालच्या फळीखाली होती, कधी मागच्या बाकाखाली, कधी डिकीत. प्रत्येक वेळी तिच्याबरोबर एक जाड तार लांब किंवा आखूड होत गेली. या लेखाचा विषय ती तार आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. दहावीनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींची वायरिंगची कामे शिकलो आणि पुढची पंचवीस वर्षे तेच केले. वाचनाकडे वळलो तो एका चुकीमुळे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

१९९४ साली एका गुळाच्या व्यापाऱ्यांची जुनी फियाट आमच्या गॅरेजमध्ये आली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्या काळी पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसवून घेण्याची चाल होती. अण्णांनीही तसे करून घेतले होते. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे ते फिरवायला मोठी बॅटरी लागते. आणि मोठ्या इंजिनाने बॉनेटखालची सारी जागा खाल्लेली. मिस्त्री म्हणाले, "बॅटरी डिकीत टाक." मी टाकली. वेल्डिंगची सुमारे चार मीटर केबल घेतली, मागच्या बाकाच्या पाठीमागच्या पत्र्याला भोक पाडले, केबल त्यातून ओढून दाराच्या उंबऱ्यालगत गालिच्याखालून पुढे नेली आणि स्टार्टरला जोडली. पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झाले. माझे वय तेव्हा चोवीस. मला फार अभिमान वाटला.

अडीच महिन्यांनी अण्णा कुटुंबासह आंबा घाटाकडे निघाले असताना मागच्या बाकाखालून धूर येऊ लागला. त्यांनी गाडी थांबवली, बायकामुलांना उतरवले. इंजिन बंद केले तरी धूर थांबेना. बॅटरी डिकीत, डिकीला कुलूप आणि किल्ली इंजिनच्या किल्लीच्याच जुडग्यात. ती काढून डिकी उघडेपर्यंत बाकाने पेट घेतला होता. बॅटरीची पट्टी सोडवायला दहा नंबरचा पाना हवा होता. तो टूलबॉक्समध्ये आणि टूलबॉक्स बॅटरीच्या मागे. अण्णांनी केबल हातानेच ओढून तोडली. उजवा तळवा भाजला. माणसे वाचली, गाडीचा मागचा भाग जळाला.

गॅरेजमध्ये येऊन ते मालकांसमोर एवढेच म्हणाले, "पोराची काय चूक न्हाई. वायरच वंगाळ निघाली आसंल." मीही तेच मानून घेतले. वायर मात्र चांगली होती. ती ज्या भोकातून गेली होती, त्याची कड मी घासली नव्हती आणि रबरी ग्रोमेटही घातला नव्हता. अडीच महिने गाडी थरथरत राहिली आणि पत्र्याने आवरण कापले. एवढे मला तेव्हाही कळले होते. न कळलेली गोष्ट दुसरी होती. घरात शॉर्ट झाले तर फ्यूज जातो. मग गाडीतली एवढी जाड तार फ्यूजवाचून कशी? मी कंपनीची जी जी गाडी उघडून पाहिली तिच्यात बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची तार फ्यूजशिवायच होती. मी जगाच्या रिवाजाप्रमाणेच काम केले होते. हा रिवाज आला कुठून, हे शोधायला मी बसलो आणि त्यात अनेक वर्षे गेली.

शिशाच्या बॅटरीचा जन्म मोटारीच्या आधीचा. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली केली आणि कामीय फॉर याने १८८१ मध्ये शिशाच्या पत्र्यांवर लेप देण्याची रीत काढून तिची साठवणक्षमता वाढवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विजेच्या मोटारी धावू लागल्या, तेव्हा बॅटरी हेच त्यांचे इंधन होते. २९ एप्रिल १८९९ रोजी बेल्जियन चालक कामीय जेनात्झीने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला तो विजेच्याच गाडीत. पेट्रोलच्या गाडीला मात्र बॅटरीची तेवढी गरज नव्हती. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी घ्या. ठिणगीसाठी तिच्या फ्लायव्हीलमध्येच मॅग्नेटो होता आणि इंजिन सुरू करायला समोर लोखंडी हँडल. हे हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला हाडांचे डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते याच हँडलमुळे.

हे हँडल घालवले चार्ल्स केटरिंगने. तो आधी डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचा खण विजेवर चालवण्याचे काम त्याने तिथे केले होते. ते करताना त्याला उमगले की मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ जास्त वीज तिच्यातून नेता येते. ती तापण्याआधीच काम संपलेले असते. हाच विचार त्याने मोटारगाडीत आणला. त्याच्या डेल्को कंपनीने केलेला स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. मॉडेल टीला तो १९१९ पासून मिळू लागला.

रिवाजाचे मूळ मला इथे सापडले. स्टार्टरला क्षणभर, पण अफाट प्रवाह लागतो. गाडीचा समोरचा एक दिवा साधारण ५ अँपियर घेतो. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर १५० ते २०० अँपियर घेतो, आणि डिझेलचा याहून बराच जास्त. एवढा प्रवाह दर वेळी सोसेल आणि तरीही शॉर्ट झाल्यावर वेळेवर जाईल, असा स्वस्त व भरवशाचा फ्यूज त्या काळी घालणे सोपे नव्हते. शिवाय त्याची निकड कोणाला भासली नाही, कारण तार आखूड होती. बॅटरी आणि स्टार्टर शेजारी-शेजारी, मध्ये हातभर तार, ती डोळ्यांसमोर, कुठल्या भोकातून न जाणारी. शॉर्ट व्हायला तिला जागाच कमी. फ्यूज नसण्याचा हा रिवाज तारेच्या आखूडपणावर उभा होता. तार लांब झाल्यावरही तो तसाच चालू राहिला.

सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी पायाखाली असे. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल एमध्ये ती पुढच्या बैठकीजवळच्या फळीखाली होती. पाणी घालायचे तर गालिचा आणि फळी काढावी लागे. पुढे इंजिनाच्या खोलीत जागा झाली तशी ती बॉनेटखाली आली. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या बॉनेट उघडून ऑइल पाहता पाहता तिचेही पाणी पाहू लागला. सोय झाली, तार आखूड राहिली आणि हीच जागा सर्वमान्य झाली.

फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे गेले. बॅटरीही त्याच्या मागोमाग मागच्या बाकाखाली गेली. तार आखूडच राहिली, पण निराळाच धोका उभा राहिला. बाकाच्या आत लोखंडी स्प्रिंगा आणि वर काथ्याची गादी. जड माणूस बसला, बॅटरीवरचे झाकण हरवलेले असले, किंवा कोणी मापापेक्षा उंच बॅटरी बसवलेली असली, की स्प्रिंग दोन्ही टोकांना टेकायची आणि गादी पेटायची. बीटलचे जुने मालक आजही ते झाकण आधी तपासतात. बॅटरी हलवली की तिच्या आजूबाजूचे जगही बदलते, एवढे यावरून लक्षात ठेवण्याजोगे.

माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला दिले ते ब्रिटिश मिनीने. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मला तिचे एक जुने वर्कशॉप मॅन्युअल मिळाले. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी करण्याचे काम अलेक इसिगोनिस यांच्यावर सोपवले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी लोकांसमोर आली. लांबी जेमतेम १० फूट, इंजिन ८४८ घन सेंटिमीटरचे, तेही आडवे बसवलेले आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात. माणसांना जागा मिळावी म्हणून यंत्राची जागा इतकी आवळली की पुढे बॅटरीला थारा उरला नाही. शिवाय सारे वजन पुढच्या चाकांवर आलेले. बॅटरी मागे नेल्याने जागाही सुटली आणि वजनही थोडे मागे गेले. डिकीच्या तळात एक खळगा करून ती त्यात ठेवली. त्याच डिकीत एका बाजूला पेट्रोलची टाकी. आणि बॅटरीची जिवंत तार गाडीच्या पोटाखालून थेट पुढे.

ते चित्र पाहिले आणि माझ्या छातीत धस्स झाले. ही तर माझीच फियाट! त्या तारेवर फ्यूज नव्हता. फ्यूजच्या डबीत फ्यूज होते, पण ते दिवे, हॉर्न अशा किरकोळ मंडळांसाठी. फरक मात्र बारकाईने पाहिल्यावर दिसला. मिनीची तार ठरलेल्या मार्गाने जात होती, ठरावीक अंतरावर क्लिपांनी धरलेली होती आणि जिथे पत्रा ओलांडत होती तिथे रबर होते. बॅटरी खळग्यात पट्टीने आवळलेली होती. इतके करूनही जुन्या मिनींत गंजलेल्या क्लिपा निसटतात, चुकीच्या जागी लावलेला जॅक तार चेमटतो, आणि जाणकार मालक आता तिथे फ्यूज घालून घेतात. हजारो गाड्यांसाठी एकदाच नीट विचार करून काढलेला मार्गही पन्नास वर्षे पुरत नाही. मी तर एका दुपारी, एका गाडीसाठी, डोळ्यांच्या अंदाजाने तो काढला होता.

मिनीनंतर डिकीतली बॅटरी अनेकांनी स्वीकारली. बीएमडब्ल्यूने १९८० आणि ९० च्या दशकांत आपल्या अनेक सहा सिलिंडरच्या गाड्यांत वजन पुढे-मागे सारखे वाटावे म्हणून ती मागे नेली. १९८९ च्या माझ्दा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीतही ती डिकीत आहे. याचा हिशेब सोपा आहे. १५ किलोची बॅटरी ३ मीटर मागे नेली आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असले, तर मागच्या चाकांवरचा भार सुमारे १९ किलोंनी वाढतो आणि पुढच्यांवरचा तेवढाच घटतो. शर्यतीवाल्यांना ही मोठी कमाई.

या दोन गाड्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. माझ्दाच्या बॅटरीला नळ्या जोडलेल्या असतात आणि त्या गाडीबाहेर निघतात. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाल्यास, शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॉनेटखाली तो वाऱ्यावर उडून जातो. बंद डिकीत वर साचतो. बीएमडब्ल्यूने १९९० च्या दशकाअखेरीस बॅटरीच्या क्लॅम्पमध्येच एक छोटी स्फोटक कुपी बसवली. अपघातात एअरबॅग उघडणाऱ्या यंत्रणेचा इशारा मिळताच कुपी फुटते आणि स्टार्टरकडे जाणारी लांब तार बॅटरीपासून सुटते. धोक्याचे दिवे मात्र चालू राहतात, कारण त्यांची वाट वेगळी ठेवलेली असते. लांब तार ही वेगळी जोखीम आहे आणि तिला वेगळे संरक्षण हवे, ही कबुली मला या यंत्रणेत दिसली.

शर्यतींच्या नियमांत ही जाणीव आणखी आधीची आहे. जागतिक मोटार संघटनेच्या म्हणजे एफआयएच्या नियमांप्रमाणे शर्यतीच्या गाडीला असा मुख्य स्विच लागतो जो सारी वीज तोडतो आणि इंजिनही बंद करतो. बंद गाड्यांवर तो बाहेरून कुठे आहे हे दाखवायला पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज काढतात. त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर. यातले 'इंजिनही बंद' हे शब्द महत्त्वाचे. नुसती बॅटरी तोडली आणि इंजिन फिरत राहिले तर अल्टरनेटर वीज देतच राहतो. अण्णांच्या गाडीवर असा एक स्विच बाहेरून असता, तर तळवा भाजला नसता.

आता त्या तारेचे गणित मांडतो, कारण माझ्यासारखे काम आजही ठिकठिकाणी चालते. मोठे म्युझिक सिस्टीम, बदललेले इंजिन, हौसेच्या शर्यती, कारण काहीही असो. २५ चौरस मिलिमीटरच्या ४ मीटर तांब्याच्या तारेतून २०० अँपियर गेले, तर वाटेत साधारण अर्धा व्होल्ट खर्च होतो. १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर पाऊण व्होल्टहून अधिक. गारठ्यात सेल्फ रडू लागतो. म्हणून अंतर वाढले की तार जाड हवी. पण जाड तार म्हणजे सुरक्षित तार नव्हे. त्याच २५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून शॉर्ट होऊन ६०० अँपियर वाहिले, तर ती सेकंदाला सुमारे ३ अंशांनी तापते. मिनिटाभरात आवरण वितळू लागते. किल्ली काढून डिकी उघडायला आणि पाना शोधायला याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या जिवंत टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. स्टार्टरजवळ लावला तर मधली चार मीटर उघडीच राहते. तो स्टार्टरचा झटका सोसणारा, पण तारेचे आवरण वितळण्याआधी जाणारा असावा. त्यासाठी स्टार्टरचा प्रवाह मोजावा लागतो आणि तारेची क्षमता पाहावी लागते. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाची कड घासून ग्रोमेट घालावा, तारेवर दुसरी नळी चढवावी, ती हातभर अंतरावर क्लिपांनी धरावी आणि सायलेन्सर, सीटची रेल व जॅकच्या जागा यांपासून लांब न्यावी. थिंबल दाबयंत्राने दाबावे. मी तेव्हा हातोडीने ठोकले होते. अर्थिंग रंग खरवडून, उघड्या जाड पत्र्यावर किंवा चेसिसवर द्यावे आणि ती तारही तेवढीच जाड घ्यावी. पुढे इंजिनापासून चेसिसला जाणारी पट्टीही तपासावी, कारण परतीचा सारा प्रवाह तिच्यातूनच जातो. बॅटरी खाली पत्र्याला बोल्टने आवळावी. डिकीत सुटी बॅटरी म्हणजे अपघातात मागून येणारा पंधरा-वीस किलोचा दगड. नळी जोडता येईल अशीच बॅटरी घ्यावी, नळी बाहेर काढावी, दोन्ही टोकांवर झाकणे घालावीत. काम करताना ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे. यातली प्रत्येक गोष्ट मी १९९४ साली वगळली होती आणि तरीही गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली होती. या कामात भूल पडते ती याच कारणाने. चुकीचे जोडकामही त्या दिवशी चालते.

मिनीचे मॅन्युअल वाचून झाल्यावर, २००३ साली, मी अण्णांच्या घरी गेलो. ते थकले होते, पण ओळखले. मी सारे सांगितले: ग्रोमेट नव्हता, फ्यूज नव्हता, वायर वाईट नव्हती. त्यांनी उजवा तळवा उघडून पाहिला. अंगठ्याखाली पांढरट, गुळगुळीत चकती होती.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "दुसऱ्या मिस्त्रीनं तवाच दाखवलं हुतं भोक. पर मालकाला तसं बोललो आसतो तर तुझं काम गेलं आसतं."

मी काय बोलणार? त्यांच्या सुनेने चहा आणला, आम्ही गुळाच्या भावाबद्दल बोललो आणि मी उठलो. दारापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "आता कळलंय न्हवं? मग पोरांस्नी शिकीव."

आज विजेच्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. त्यांत बॅटरी तळाशी पसरलेली असते, तिच्या उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात आणि अपघात झाल्यास कॉन्टॅक्टर उघडून ती बॅटरी बाकीच्या गाडीपासून वेगळी पडते. केटरिंगच्या काळात तार हातभर होती म्हणून जे टाळता आले, ते करायला शंभर वर्षे लागली. त्याच गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते आणि हे कॉन्टॅक्टर तिच्याच विजेवर चालतात.

मी आता हाताने काम करत नाही. डोळे साथ देत नाहीत. उद्यमनगरातल्या दोन-तीन गॅरेजांत संध्याकाळी जाऊन बसतो. कोणी बॅटरी डिकीत नेत असला, तर मुलाला म्हणतो, "बाळ, आधी फ्यूज आण, मग तार ओढायला घे." काही मुले हसतात, म्हणतात, काका, कंपनीच्या गाडीत तरी कुठे असतो? मग मी त्यांना बॉनेट उघडायला लावतो आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची तार हाताने मोजायला सांगतो. त्यानंतर तोच हात डिकीपर्यंत.